तीन लाख एकावी प्लोव्हर

१

काचेची पेटी रिकामी होती आणि तिचं कुलूप मात्र शहाण्यासारखं लागलेलं होतं.

मी संग्रहालयात पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. अंगात केशरी जाकीट, बुटांना चिखल, कोपरापर्यंत रक्त. रक्त हरणाचं होतं, हे आधीच सांगून टाकते. नोव्हेंबरातला तो मंगळवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी आमच्या बेल्डनमध्ये शाळेलाही सुट्टी असते. पहाटेच्या थंडीत, वारा तोंडावर घेत, दोन तास पापणी न हलवता बसून मी आयुष्यातलं पहिलं हरीण पाडलं होतं. एकटीने. एका गोळीत. गेल्या वर्षीपर्यंत उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी कॉर्डी झेलिन्स्की ती हीच. त्या सकाळी मला कुणी राष्ट्राध्यक्षांची उलटतपासणी घ्यायला सांगितली असती तरी मी घेतली असती.

"आधी हात धू," लू आत्या म्हणाली. "मग घाबर."

लू आत्या खरं तर माझ्या बाबांची आत्या, पण घरात ती सगळ्यांचीच आत्या आहे. वय एकोणसत्तर. रोज सकाळी नऊला ती संग्रहालय उघडते. संग्रहालय म्हणजे बंबवाल्यांची जुनी इमारत, आणि त्यात एकाच वस्तूचं कौतुक: प्लोव्हर. होलकम मोटर्सची छोटी गाडी. ती आमच्या गावात बनायची आणि आमच्या गावातच बंद पडली. मधोमध दोरीच्या कुंपणात एक पांढरी प्लोव्हर उभी असते, 'शेवटची' अशी पाटी गळ्यात घालून.

गायब झाली होती ती एझ्रा टकेटची रोजवही. एझ्रा हा लाइनवरचा मुकादम. दिवसाला किती गाड्या उतरल्या, कोणत्या रंगाच्या, लाइन कितीला थांबली आणि कुणामुळे, हे सगळं त्याने आठ वर्षं एका वहीत लिहून ठेवलं होतं. दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढी जाड वही. तो वारल्यावर लेकीला ती गॅरेजमध्ये सापडली आणि सप्टेंबरात तिने ती इथे आणून दिली. शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी तीच वाचत होते. पहिल्या पानापासून ओळीने, आणि १९७४ पर्यंत आले होते.

साडेनऊला शेरीफचा माणूस कोल आला. कुलपाकडे बघून त्याने विचारलं, "चाव्या कुणाकडे असतात?"

चौघांकडे. अध्यक्ष हॅस्केल लॅथम, चिटणीस ग्लेंडा फिस्क, पांढरी गाडी संग्रहालयाला देणारा टायरवाला ड्वाइट प्रूइट, आणि लू आत्या.

"यातले पहिले तिघे आज सकाळी कुठे होते ते मला कुणीही सांगेल," कोल म्हणाला. "लू, तू कुठे होतीस?"

"घरी. एकटी."

कोलने वहीत काहीतरी लिहिलं आणि आत्याच्या नजरेला नजर न देता तिच्यापुढे हात पसरला. "चाव्या दे. चौघांच्याही जमा करतोय."

२

आता लू आत्या वही का चोरेल? हे कळायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

कंपनीने छापलेला इतिहास असा. पहिली प्लोव्हर ऑगस्ट १९६९ मध्ये उतरली. पेट्रोलची टंचाई आली तेव्हा ती हातोहात खपली, तीन पाळ्या लागल्या. मग लोकांच्या लक्षात आलं की तिचा तळ चार हिवाळ्यांत गंजतो आणि पाय रस्त्याला लागतात. जपानी गाड्या आल्या. अठरा नोव्हेंबर १९७७ ला शेवटची गाडी उतरली. एकूण बरोब्बर तीन लाख. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फोटो, टाळ्या, केक.

लू आत्याचा इतिहास असा. फोटो काढून साहेबलोक गेले, तेव्हा लाइनवर एक रंगवलेला हिरवा सांगाडा लटकत होता आणि खोक्यांत सुटे भाग उरले होते. एझ्रा म्हणाला, मी परवानगी आणतो. अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, मिळाली. बारा जणांनी मिळून अडीच तासांत ती गाडी उभी केली. तीन लाख एकावी. सीट आत्याने बसवली. "आमचा शेवट आम्ही करणार होतो," आत्या म्हणते, "फोटोवाल्यांनी नाही."

सोमवारी बाराही जणांना काढून टाकलं; एझ्रा त्यांत नव्हता. कागदावर कारण: सुट्या भागांची चोरी. कारखाना तसाही बंद होणार होता, पण 'चोर' लिहिलेल्या माणसाला दुसऱ्या कारखान्याने दारातही उभं केलं नाही. आत्याने पुढे पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. संग्रहालयाच्या भिंतीवर पितळी पट्ट्यांवर सगळ्या कामगारांची नावं आहेत. ही बारा नाहीत.

चाळिसाव्या वर्षाचा सोहळा येत्या शनिवारी होता. सोमवारच्या सभेत आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "एझ्राच्या वहीचं शेवटचं पान सगळ्यांसमोर उघडा. मी एकटीने उघडलं तर मीच लिहिलं म्हणाल." मंगळवारी गाव जंगलात असणार, म्हणून बुधवार ठरला. आणि मंगळवारी वहीच गेली.

त्या दुपारी लॅथमसाहेब आमच्या घरी आले. टोपी हातात, आवाज मऊ. त्यांचे वडील रसेल लॅथम म्हणजे कारखान्याचे तेव्हाचे व्यवस्थापक.

"लू, मी समजू शकतो," ते म्हणाले. "तू पान उघडून पाहिलंस, त्यात तुला हवं ते नव्हतं. शुक्रवारपर्यंत वही परत कर. कोणी काही विचारणार नाही. फक्त शनिवारी येऊ नकोस."

"हॅस्केल, मी नेली नाही, त्यामुळे परतही करणार नाही," आत्या म्हणाली. "आणि शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. खुर्ची घरून आणेन."

ते गेल्यावर ती बटाटे सोलायला बसली. सालं फार जाड निघत होती. आत्याची सालं कधी जाड निघत नाहीत.

"एकदा चोर म्हटलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, कॉर्डी," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा खोडून काढायला माझ्याकडे चाळीस वर्षं नाहीत."

मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली. मनात म्हटलं, तुझ्याकडे नसतील. माझ्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ आहे, आणि मला तेवढा पुरेल.

३

बुधवारी शाळा सुटल्यावर मी आधी ग्लेंडाकाकूंना गाठलं. त्या चर्चच्या तळघरात कागदी ताटं मोजत होत्या.

"मी चोरीन? त्या वहीसाठी?" त्या म्हणाल्या. "'एकूण तीन लाख गाड्या' अशी माहितीपत्रकं छापून आणलीत मी, मान्य. एक गाडी वाढली तर सगळी रद्दीत. पण काल पहाटे चारपासून दहापर्यंत मी इथे होते, शिकाऱ्यांच्या न्याहारीला. चारशे अंडी फोडली. पाच बायका साक्षीला आहेत. त्यातली एक तर माझी सासू आहे, ती माझ्या बाजूने खोटं बोलणार नाही."

हे पटलं.

ड्वाइटकाका दुकानात टायर चढवत होते. अख्ख्या जिल्ह्यात प्लोव्हरची दुरुस्ती करणारे तेच उरलेत. विशीत लाइनवर होते.

"ये, शिकारीबाई. सहा टोकांच्या शिंगांचं पाडलंस म्हणे?"

"सहा. तुमचं?"

"आठ. पण तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी शेजाऱ्याच्या गाईवर गोळी झाडली होती, तेव्हा तू पुढे आहेस." त्यांनी हात पुसले. "विचार काय विचारायचंय. तुझ्या आत्यासाठी आलीस ना?"

"वहीने तुमची गाडी शेवटून दुसरी ठरली असती."

"ठरली असती. वाईट वाटलं असतं. पण पोरी, पावणेआठला माझं हरीण चौकातल्या खांबावर टांगलेलं होतं आणि मी साडेदहापर्यंत त्याच्या शेजारी उभा राहून फुकटचं कौतुक खात होतो. अर्ध्या गावाने मला पाहिलंय, आणि उरलेल्या अर्ध्याला मी स्वतः बोलावून दाखवलंय."

"पावणेआठच्या आधी?"

"आधी जंगलात. एकटा. तेवढी फट आहे खरी."

ती फट मी डोक्यात टिपून ठेवली. मला ड्वाइटकाका आवडतात, म्हणून तर दोनदा टिपली.

४

लॅथमसाहेबांच्या विम्याच्या कचेरीत गालिचा इतका जाड आहे की बुटांचा आवाजच होत नाही. मी मुद्दाम पाय आपटत गेले.

"सर, प्रकल्पासाठी काही प्रश्न होते."

"बस, कॉर्डीलिया. आत्या काय म्हणते?"

"खुर्ची शोधतेय."

ते हसले नाहीत. मी प्लोव्हरच्या विक्रीचे आकडे विचारले, १९७६ मध्ये दुसरी पाळी का बंद केली ते विचारलं, आणि मग सहजच विचारल्यासारखं म्हटलं, "काल तुम्हाला काही मिळालं का?"

"नाही, नशीब नव्हतं." ते मागे रेलले. जंगलाच्या गोष्टी सांगताना आमच्या गावातला कुठलाही पुरुष मागे रेलतो. "मेव्हण्याच्या जमिनीवर, ओढ्याकाठच्या मचाणावर बसलो होतो. पाच ते अकरा. मस्त पहाट होती. पाठीवर वारा, समोर कुरण. तीन माद्या समोरून चालत आल्या आणि माझ्यापुढे दहा पावलांवर अर्धा तास चरत राहिल्या. मादी मी मारत नाही. नुसता बघत बसलो."

"छान," मी म्हणाले.

"छानच," ते म्हणाले.

बाहेर पडून सायकलवर बसले तरी काहीतरी टोचत होतं. काय ते कळेना. बुटात खडा असावा आणि बूट काढल्यावर सापडू नये, तसं.

५

गुरुवारी ग्लेंडाकाकूंनी कोलकडून चावी मागून आणली. शनिवारच्या सोहळ्यासाठी संग्रहालय झाडायचं होतं. मी झाडू घेऊन त्यांच्यामागे गेले. लू आत्याला आत पाऊल ठेवायची बंदी होती, म्हणून ती दारात, उंबऱ्याच्या बरोबर बाहेर, हाताची घडी घालून उभी राहिली.

झाडता झाडता मी फोनवर माझे सप्टेंबरातले फोटो बघत होते. प्रकल्पासाठी पांढऱ्या गाडीचे चारही बाजूंनी काढलेले. मागच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत मागची सीट अगदी सपाट बसलेली. मी मान वर करून खऱ्या गाडीत पाहिलं.

सीटची डावी कड बोटभर वर होती.

"आत्या," मी दाराकडे ओरडले, "प्लोव्हरची मागची सीट आपोआप वर येते का?"

"वेडी आहेस का? ती बसवायला एक ढब लागते. आधी गुडघा लावून मागे रेटायची, मग खाली दाबायची. दोन आकडे अडकतात, खट्ट खट्ट. दिवसाला दीडशे बसवायचे मी. नुसती वरून दाबली तर एकच आकडा अडकतो आणि एक बाजू तरंगत राहते."

"डावी तरंगतेय."

आत्या अगदी हळू म्हणाली, "ग्लेंडा, मी आत येतेय. कोलला काय सांगायचं ते सांग."

ग्लेंडाकाकूंनी स्वतः दोरी उचलून धरली. आत्याने मागचं दार उघडलं, सीटच्या कडेला गुडघा टेकवला, रेटलं आणि एका झटक्यात सीट उचलली. चाळीस वर्षांत हात काही विसरले नव्हते.

खाली वही होती.

मला वाटलं आत्या तिच्यावर झडप घालेल. ती मागे सरली. "ग्लेंडा, तू उचल. मी हात लावणार नाही. आणि पान कॉर्डी वाचेल."

शेवटचं पान. एझ्राचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. मी मोठ्याने वाचलं.

"अठरा नोव्हेंबर. दोन दहा, क्रमांक तीन लाख, पांढरी. छायाचित्र झालं. चार पस्तीस, क्रमांक तीन लाख एक, हिरवी. उरलेल्या मालातून. लाइनवर बारा जण." खाली बाराही नावं होती. सातवं ल्युडविका झेलिन्स्की, म्हणजे आमची लू आत्या. आणि त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात एक ओळ.

"परवानगी दिली. आर. लॅथम."

ग्लेंडाकाकू खालीच बसल्या, झाडलेल्या कचऱ्याच्या ढिगावर.

"म्हणजे एझ्राकडे हे होतं," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये. रस्त्यात भेटला की टोपी काढायचा मला." तिने सीट जागेवर ठेवली, गुडघ्याने रेटली. खट्ट खट्ट. "त्याला मी माफ करणार नाहीये. मेलाय म्हणून तर मुळीच नाही."

मी सीटकडे बघत होते आणि बुटातला खडा एकदम सापडला.

६

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांचं जेवण असतं. हरणाच्या मांसाचं कालवण, मक्याचा पाव, आणि ज्यांतली शिंगं दर फेरीला वाढत जातात अशा गोष्टी. शंभरेक माणसं होती. मी खुर्चीवर चढले. गेल्या वर्षी मला कुणी लाख विनवण्या केल्या असत्या तरी मी चढले नसते.

"वही सापडली," मी म्हणाले. चमचे थांबले. "पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटखाली. आता बाहेर चोरून न्यायची वस्तू माणूस आतच का लपवेल? कारण बाहेर पडायच्या वेळी दारात कुणीतरी आलं. रोज नऊला लू आत्या येते. म्हणजे चोर मंगळवारी नऊच्या ठोक्याला आत होता, आणि एवढी जाड वही घेऊन कुणाला दिसू नये म्हणून ती लपवून मागच्या दाराने रिकाम्या हाती सटकला. मग कोलने सगळ्यांच्या चाव्या घेतल्या, आणि वही सीटखालीच अडकली."

"हे आत्याही करू शकते," कोल म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता.

"ती सीट चुकीची बसवली होती. एक आकडा सुटा. आत्याने अशा हजारो सीटा बसवल्यात, डोळे बांधले तरी तिची चुकणार नाही. ड्वाइटकाका, तुमची चुकेल?"

"मला अपमान वाटतोय," ड्वाइटकाका म्हणाले. लोक हसले.

"शिवाय नऊ वाजता ते चौकात हरणाशेजारी होते. ग्लेंडाकाकू चारपासून अंडी फोडत होत्या. चार चाव्या. राहिली एक."

माना आपोआप वळल्या. लॅथमसाहेबांनी रुमाल ताटाशेजारी ठेवला. "मी ओढ्याकाठी होतो, पोरी. तुला सांगितलंय."

"सांगितलंत. पाठीवर वारा होता आणि तीन माद्या समोरून येऊन दहा पावलांवर अर्धा तास चरल्या."

मी पुढे काही बोलायच्या आत खोलीच बोलायला लागली. आधी मागच्या टेबलावर कुणीतरी खाकरलं. मग एक म्हातारा म्हणाला, "पाठीवर वारा? आणि समोर?" तिसऱ्याने काटा खाली ठेवला. पाठीवरचा वारा तुमचा वास सरळ समोर नेतो. माणसाचा वास आला की हरीण अर्ध्या मैलावरूनच शेपटी दाखवतं. हे आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, कारण त्याला पहिल्यांदा जंगलात नेतात तेव्हा बंदुकीच्या आधी वारा शिकवतात.

"हॅस्केल," त्यांचा मेव्हणा हळूच म्हणाला, "ओढ्याकाठचं मचाण ऑगस्टच्या वादळात पडलं रे. मी तुला कळवलं नव्हतं. तू तिथे बसतोस, तेव्हा तुला दिसलंच असेल, असं धरून चाललो होतो."

लॅथमसाहेबांनी ताट बाजूला सारलं.

"तीस वर्षांत मी एकदाही बसलो नाही," ते म्हणाले. "परवाना काढतो, जाकीट घालतो, आणि गाव रिकामं झालं की संग्रहालयात जाऊन कॉफी पीत बसतो. मला गोळीचा आवाज सहन होत नाही. वडिलांना त्याची लाज वाटायची. या वेळी वही समोरच होती. म्हटलं, लूच्या आधी एकदा बघू. आणि खाली वडिलांची सही. मुख्य कचेरीने तीन लाख गाड्यांच्या जाहिराती आधीच छापल्या होत्या, तिथले साहेब चिडले. मग वडिलांनी बारा जणांना चोर ठरवलं. स्वतःच परवानगी देऊन. लूची गाडी बाहेर वाजली आणि मला दुसरं काही सुचलं नाही."

शिकारीला न जाणं हा काही गुन्हा नाही, आणि क्षणभर मला त्यांची दया आली, हे कबूल करते. पण मंगळवारी दुपारी टोपी हातात घेऊन ते आमच्या दारात उभे होते, आणि तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

"लू," ते म्हणाले, "पाटी बदलून घेऊ. शांतपणे. गैरसमज झाला होता असं निवेदन काढू."

लू आत्या कालवण वाढायच्या टेबलामागे उभी होती. तिने पळी भांड्यात ठेवली.

"चोर म्हणालात तेव्हा फाटकावर कागद लावला होता, हॅस्केल. गावाने वाचला. शांतपणे काही झालं नव्हतं."

७

शनिवारी ती खरंच घरून खुर्ची घेऊन आली. पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवली. मेयरना पाय काढून घ्यावे लागले.

लॅथमसाहेबांनी ध्वनिक्षेपकासमोर कागद उलगडला आणि बारा नावं वाचली, दुकानाची यादी वाचावी तशी, एका दमात. कागदाची घडी घालायला लागले.

"त्याआधी काय म्हणायचं राहिलं?" आत्याने बसल्या जागेवरून विचारलं. ओरडून नाही. स्वयंपाकघरात पोरांना, ताट कुणी उचलायचं, असं विचारायची तसं.

त्यांना कळलं. कान लाल झाले. "हे लोक चोर नव्हते," ते म्हणाले. "परवानगी होती. सही माझ्या वडिलांची आहे."

"आता नावं. सावकाश."

या वेळी त्यांनी एकेक नाव घेतलं आणि प्रत्येक नावानंतर थांबले. मागच्या रांगेत एक म्हातारा काठी टेकवत उठला. डाव्या बाजूला एकीला तिच्या नातवाने हात दिला. खिडकीपाशी एकजण आधीच उभा होता, त्याने फक्त टोपी काढली. बाकी आठ नावांना उठायला ती माणसंच उरली नव्हती. काहींच्या जागी त्यांच्या मुली उठल्या.

"ल्युडविका झेलिन्स्की. सीट विभाग."

आत्या उठली.

टाळ्या झाल्या. मग मेयर बोलले, शाळेचा बँड वाजला, ग्लेंडाकाकूंनी माहितीपत्रकात पेनाने आकडा दुरुस्त करून वाटला, कोणीतरी होलकमच्या इतिहासावर लांबलचक भाषण केलं. उरलेले तिघे दमून बसले. लॅथमसाहेब बसले. सगळे बसले.

लू आत्या बसली नाही. खुर्ची मागे, हात बाजूला, हनुवटी वर, कार्यक्रम संपेपर्यंतची पन्नास मिनिटं ती सरळ उभी होती, आणि तिच्यामागच्या लोकांना काहीही दिसत नसूनही 'बाई, खाली बसा' असं म्हणायची एकाचीही हिंमत झाली नाही.